नवा जोडलेला पीसी सारखा बंद पडतोय? भाग बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघू. तुमच्या पीसीचं दुखणं यातलं कुठलं, ते नीट ओळखा. पुढचा सगळा तपास त्यावरच ठरतो.

चालता चालता एकदम अंधार होतो. पडद्यावर कसला संदेश येत नाही, पंखे थांबतात, आणि मशीन एकतर आपोआप परत सुरू होतं किंवा बटण दाबेपर्यंत तसंच पडून राहतं. इथे पहिला संशय विजेवर आणि उष्णतेवर घ्यायचा.

निळा पडदा येतो. विंडोज ११ मध्ये २०२५ सालापासून हा पडदा काळा झालाय, त्यामुळे काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली तरी दुखणं तेच. त्यावर एक नाव असतं, त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. दर वेळी नाव वेगळं येत असेल, म्हणजे आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, परवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तर रॅम धरा. दर वेळी एकच नाव आणि सोबत एकाच ड्रायव्हर फाइलचं (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवू देणारं सॉफ्टवेअर) नाव येत असेल, तर तो ड्रायव्हर किंवा तो ज्या भागाचा आहे तो भाग.

चित्र गोठतं, आवाज एका जागी अडकून घरघरतो, माउस हलत नाही, पण पंखे आणि दिवे चालू असतात. इथे रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, तिघांपैकी कुणीही असू शकतं.

फक्त गेम किंवा एखादंच जड सॉफ्टवेअर बंद होऊन डेस्कटॉपवर येतं, बाकी सगळं सुरळीत.

आणि शेवटचं म्हणजे बटण दाबलं की सगळं फिरतं, पण पडद्यावर काही येत नाही. किंवा तीनदा बंद-चालू केल्यावर चौथ्यांदा येतं.

नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात डिझाइन विभागातले संगणक सांभाळणं हे माझं काम. त्याखेरीज नात्यात, सोसायटीत, मैत्रिणींच्या घरी मुलांनी हौसेने जोडलेले पीसी बघायला मी वर्षानुवर्षं जाते आहे. सिडकोपासून म्हसरूळपर्यंत घरं वेगळी असली तरी दुखणी तीच चार-पाच निघतात. नव्या मशीनमध्ये एखादा भाग मुळातच खराब निघणं मी तुलनेने कमी वेळा पाहिलंय. बहुतेक वेळा एखादा सांधा सैल असतो, बायोसमधलं (मदरबोर्डवरचं, विंडोजच्याही आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) एखादं सेटिंग रॅमला झेपत नसतं किंवा घरची वीज साथ देत नसते. या तिन्हींचा तपास जवळजवळ फुकटात होतो. तरीही लोक आधी ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो पैसा बहुतेकदा आईवडिलांनी महिन्यांच्या बचतीतून काढलेला असतो.

तपासाला बसण्याआधी दोन कामं करा. पहिलं, बिलं काढून बदलून मिळण्याची मुदत बघा. दुकानानुसार ती वेगवेगळी असते, बरेचदा थोड्याच दिवसांची. मुदतीत असाल तर खराब भाग दुकानातच बदलून मिळतो. ती उलटली की तोच भाग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो आणि मशीन आठवडेच्या आठवडे उघडं पडून राहतं. म्हणून ‘बघू, आपोआप थांबेल’ म्हणत पहिले दहा दिवस घालवू नका.

दुसरं, एक वही घ्या. एका वेळी एकच बदल करायचा, तारीख घालून लिहायचा आणि निदान एक दिवस मशीन वापरून मगच पुढचा. माझ्या भाच्याने मागच्या दिवाळीत पीसी जोडला. तो बंद पडायला लागल्यावर एकाच संध्याकाळी त्याने रॅमच्या जागा बदलल्या, बायोस अपडेट केलं, ड्रायव्हर काढून परत टाकले आणि विंडोजला फॉरमॅट मारला. दोन दिवस मशीन चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “मावशी, मी सगळं करून बघितलं,” तो म्हणाला. सगळं केलं होतं खरं, पण कशामुळे दोन दिवस बरं वाटलं ते कळायला मार्ग उरला नव्हता. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी भिंतीतली वीज

याला एक रुपया लागत नाही, म्हणून हे पहिलं. पीसी यूपीएसवर असेल तर एक दिवस थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला लावून चालवा. आकाशात विजा चमकत असतील तो दिवस सोडून. दुखणं थांबलं तर दोष यूपीएसचा.

दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. व्हीए आणि वॅट या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या ऑफिसच्या पीसीला तो पुरायचा. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन गेम चालू असताना ४०० वॅटच्या वर सहज जातं. अशा वेळी लाइट क्षणभर जरी डुलली तरी यूपीएस बॅटरीवर येतो, भार पेलत नाही आणि सगळं बंद. घरातला ट्यूबलाइट साधा लुकलुकलेलाही नसतो, त्यामुळे कुणाला विजेची शंकाच येत नाही.

दिंडोरीकडे मळ्यातल्या एका घरी मला हे लख्ख दिसलं. मुलगा सांगत होता, सकाळी बसलं की पीसी बंद पडतो, दुपारी नाही. मी सकाळीच गेले. विहिरीवरची मोटर चालू झाली की व्होल्टेज झपकन खाली यायचं, यूपीएस ‘टक’ करून बॅटरीवर जायचा आणि त्याच क्षणी पीसी जायचा. यूपीएस जुन्या मशीनचा, बॅटरी पार उतरलेली. अशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात. बॅटरी बदलली आणि दुखणं संपलं. तोवर त्या घरात नव्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी सुरू झाली होती.

घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं का बघा. इकोवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो. पीसीचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा, जड भारावर वीज नसताना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यापेक्षा उशीर झाला की मशीन पडतं. बटण यूपीएसवर करा. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर आजच्या चांगल्या एसएमपीएसला तो मुळात मानवत नाही, साइन वेव्हचाच हवा.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात का? टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो का? मग तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलंय. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज कॅबिनेटवर सोडतात आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. वाटच नसेल तर ती कॅबिनेटवर राहते आणि तुमच्या हातातून वाट शोधते. अशा घरांत यूएसबीची उपकरणं तुटक चालतात, इअरफोनमध्ये गुणगुण येते, क्वचित मशीन गोठतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत आणि तीन पिनचं दोन पिनला लावणाऱ्या त्या छोट्या कन्व्हर्टरमुळे हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तो कन्व्हर्टर आजच काढून टाका.

इथेच पहिली थांबण्याची जागा. मुंग्या येत असतील तर पीसीचा तपास बाजूला ठेवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. सॉकेट स्वतः उघडू नका, नळाच्या पाइपला वायर गुंडाळून ‘अर्थिंग’ करू नका. हा पीसीपेक्षा घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

सांधे

पीसी बंद करा, मागची वायर काढा, पुढचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाईल. हात एखाद्या अर्थ असलेल्या धातूला लावून घ्या. निफाड-नाशिकच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून आत हात घालू नका. अंगावरच्या स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला पुरतो.

रॅम काढून परत बसवा. दोन्ही टोकांना टक् असा आवाज आला पाहिजे. ज्या बोर्डांवर एकाच बाजूला खिट्टी असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि वरून बसल्यासारखं दिसतं. चार खाचांच्या बोर्डावर दोनच रॅम असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरा. पहिल्या-दुसऱ्यात बसवलेली जोडी मला इतक्या घरी सापडली आहे की मी कॅबिनेट उघडल्यावर आधी तिकडेच बघते.

मग वायरी. मदरबोर्डची रुंद २४ पिनची वायर आणि वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची, दोन्ही खिट्टी बसेपर्यंत दाबा. ग्राफिक्स कार्डाला ८ पिनची दोन भोकं असतील तर एसएमपीएसकडून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीला दोन तोंडं असतात ती सोय छोट्या कार्डापुरती. ८ पिनच्या एका जोडणीने १५० वॅट द्यायचे असा हिशेब आहे. मोठं कार्ड एका वायरीवर त्याच्या दुप्पट ओढायला लागलं की वायर आणि पिना तापतात. नव्या मोठ्या कार्डांची १६ पिनची बारीक जोडणी शेवटपर्यंत आत गेली पाहिजे, फट अजिबात दिसता कामा नये, आणि तोंडापाशीच वायर मुरडू नका. २०२२ पासून अशा अर्धवट बसलेल्या जोडण्या वितळल्याची उदाहरणं जगभर समोर आली आहेत. तिथे प्लॅस्टिक काळवंडलेलं दिसलं तर मशीन पुन्हा चालू करू नका.

एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगते. वेगळ्या होणाऱ्या वायरींचा एसएमपीएस असेल तर एका एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नका. तोंड बसतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जळतात. मग डेटा गेलेला असतो आणि वॉरंटीही.

हे उरलेलं पटकन बघून घ्या. मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला आहे ना? बोर्डाखाली जिथे स्क्रूचं भोक नाही तिथे एखादा पितळी खुंटा राहून गेलेला नाही ना? तो मागून शॉर्ट करतो. आणि कूलरच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढली होती का? विचारायला अवघड वाटतं, पण विचारा. ती राहिली तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत धड पोचत नाही.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा पीसी पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं काळा पडदा दाखवतो. तो रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाबरून बटण दाबलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कूलरच्या पंख्याकडे लक्ष ठेवत दहा मिनिटं थांबा. बऱ्याच बोर्डांवर ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’, ‘बूट’ अशी नावं असलेले चार बारीक दिवे असतात, ज्याच्यावर मशीन अडकलंय तो पेटून राहतो. ‘डीरॅम’ पेटून राहिला तर रॅम एकेक करून लावून बघा.

ताप

‘एचडब्ल्यू इन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि नुसत्या डेस्कटॉपवर प्रोसेसरचं तापमान बघा. काही काम नसताना ते ७०-८० च्या घरात असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा लिक्विड कूलरच्या पंपाची वायर जोडलेली नाही. भारावर मात्र आकडा बघून लगेच घाबरू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे बरेच प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेले आहेत, आणि इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. प्रोसेसर आधी वेग कमी करतो, तेवढ्याने भागलं नाही तरच स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो.

कॅबिनेट टेबलाच्या कपाटात कोंबलेलं असेल तर बाहेर काढा, बाजूचं झाकण उघडून तासभर चालवून बघा. दिवाळीच्या थंडीत जोडलेलं मशीन एप्रिलमध्ये, बाहेर पारा ४० च्या आसपास असताना, त्याच खोलीत तसंच वागेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

मशीनने स्वतः काय लिहून ठेवलंय

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. कुठल्या तारखेला, किती वाजता, काय पडलं हे तिथे तक्त्यात दिसतं. वहीतल्या नोंदींशी ताडून बघा.

त्याहून खोल जायचं तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधला ‘सिस्टीम’ भाग. तिथे ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही लाल नोंद हमखास असते आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण ती सांगत नाही. तिच्या आगेमागे काय नोंदलंय ते वाचा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाची नोंद असेल तर हार्डवेअरनेच तक्रार केली आहे, विंडोज पुन्हा टाकून वेळ घालवू नका. त्यात १७ क्रमांक आणि ‘पीसीआय एक्सप्रेस’ दिसलं, तर ग्राफिक्स कार्ड किंवा एम.२ एसएसडीच्या खाचेकडे बघा. कार्ड उभं बसवायला रायझर वायर वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डात बसवा.

रॅमचा वेग

आता माझ्या अनुभवातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. रॅमच्या डब्यावर ६००० लिहिलेलं असतं, पण बोर्डात बसवल्यावर ती ४८०० किंवा अशाच साध्या वेगाने चालते. मग कुणीतरी सांगतं, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू कर, नाहीतर पैसे वाया. ते चालू केलं की मशीन चाललं तर चाललं. पण हा वेग म्हणजे अधिकृत मर्यादेच्या वर ओढणं आहे. रायझन ७००० साठी एएमडीने दोन रॅमना ५२०० चा वेग अधिकृत दिलाय, आणि चारही खाचा भरल्या तर फक्त ३६००. त्यापुढे चालणं हे तुमच्या प्रोसेसरच्या, बोर्डच्या आणि रॅमच्या जोडीवर अवलंबून. बऱ्याच जोड्या चालतात, तुमची चालेलच असं नाही.

म्हणून बायोसमध्ये जा, एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करा आणि दोन दिवस नेहमीसारखं वापरा. भाच्याच्या मशीनवर आम्ही एवढंच केलं. आठवडाभर एकदाही पडलं नाही.

थांबलं तर कारण सापडलं, पण भाग खराब असेलच असं नाही. बोर्डच्या कंपनीच्या पानावरून नवं बायोस घ्या, कारण नव्या बोर्डांच्या बायोसमध्ये रॅमच्या सुधारणा सतत येत असतात. मग पुन्हा एक्सएमपी लावून बघा. तरी पडतंय तर वेग एक पायरी खाली, ५६०० वर आणा. रोजच्या वापरात तो फरक तुम्हाला जाणवणार नाही. भाच्याला ५६०० वर समाधान मानायला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आता तो त्याबद्दल बोलतही नाही, कारण मशीन चालतंय. दुकानदार ऐकत असेल तर बोर्डच्या कंपनीने तपासलेल्या यादीतली रॅम बदलून मागा.

साध्या वेगावरही पडत असेल तर खरी चाचणी घ्या. ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवर घालून मशीन त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. पाच मिनिटांत काही सापडलं नाही म्हणून उठू नका. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम नापास, ‘एकच तर आहे’ असं म्हणून सोडू नका. ती चुकीची जागा उद्या तुमच्या फोटोच्या किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये उतरते आणि फाइल गुपचूप बिघडते. चूक दिसली की रॅम एकेक करून त्याच खाचेत तपासा. एकच रॅम नापास होत असेल तर ती खराब. दोन्ही नापास होत असतील तर खाच, बोर्ड किंवा प्रोसेसर बघा. बदलून घेताना जोडी म्हणून घेतलेली रॅम जोडीनेच परत करा.

बायोस अपडेट करण्याआधी दोन सावधगिऱ्या. हल्लीचं विंडोज ११ ताजं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि बायोस बदलल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी खात्यातून काढून वहीत लिहा. आणि अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये. पावसाळी संध्याकाळ टाळा आणि या कामापुरता पीसी चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवर घ्या. बायोसमध्ये भार अगदी कमी असतो, त्याला छोटा यूपीएसही पुरतो.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट टाळूच नका. या पिढ्यांचे ६५ वॅट आणि त्यावरचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होऊ शकतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्यावरची दुरुस्ती त्या वर्षीच्या ऑगस्टपासून बायोसमधून मिळू लागली, आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली गेली. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डवर जुनंच बायोस असू शकतं. कार्डात भरपूर मेमरी असताना गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत बंद पडणं ही याची ओळखीची खूण. नवं बायोस पुढचं नुकसान रोखतं, झालेलं भरून काढत नाही. अपडेटनंतरही खूण राहिली तर प्रोसेसर वॉरंटीत द्या.

ड्रायव्हर, विंडोज, एसएसडी

‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ येत असेल किंवा फक्त गेममध्येच पडत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालवून) ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने पूर्ण पुसा आणि कार्डाच्या कंपनीकडचा ताजा टाका. जुन्या पीसीची डिस्क तशीच नव्यात बसवली असेल तर जुन्या बोर्डचे ड्रायव्हर भूत होऊन राहतात, तिथे विंडोज कोरं टाकणंच बरं. आणि ते मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने पेन ड्राइव्ह बनवूनच टाका. कुणीतरी दिलेल्या ‘तयार’ विंडोजमध्ये आत काय भरलंय ते कळत नाही, आणि ज्या पायावर शंका आहे त्याच्यावर उभं राहून हार्डवेअर तपासता येत नाही.

एसएसडीची तब्येत ‘क्रिस्टलडिस्क इन्फो’ या सॉफ्टवेअरमध्ये बघा. मशीन अर्धा मिनिट गोठून परत चालू लागत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची ‘रीसेट टू डिव्हाइस’ नोंद असेल, तर एसएसडी काढून नीट बसवा, तिचा बारीक स्क्रू लावलाय ना बघा, वायरीने जोडलेली (साटा) असेल तर वायर बदला.

भार देऊन फोड करणं

इथवर सापडलं नाही तर मशीनला मुद्दाम राबवायचं. समोर बसून, तापमानावर लक्ष ठेवून. आधी अर्धा तास फक्त प्रोसेसरवर भार, त्यासाठी ‘सिनेबेंच’. मग अर्धा तास फक्त ग्राफिक्स कार्डावर, त्यासाठी ‘फरमार्क’. शेवटी दोन्ही एकत्र, ते ‘ओसीसीटी’मध्ये करता येतं. प्रोसेसरच्या भारावर पडलं तर प्रोसेसर, कूलर किंवा बोर्ड. कार्डाच्या भारावर पडलं तर कार्ड, त्याच्या वायरी किंवा ड्रायव्हर. एकेकट्याने दोन्ही पास आणि एकत्र दिल्यावर अंधार, तर एसएमपीएसवर बोट ठेवा.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असलं तरी त्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही. ‘८० प्लस’चं चिन्ह वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतली बांधणी किती मजबूत आहे ते नाही. मित्राकडून चांगला एसएमपीएस एक दिवस मागून आणा, त्याच्या स्वतःच्या सगळ्या वायरींसकट, आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. नव्या मशीनवर भाग बदलून बघण्याची माझी पहिली पायरी हीच, आणि ती इतक्या उशिरा येते.

कुठे थांबायचं

एसएमपीएस कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते. जळका वास, धूर, चर्र आवाज, यातलं काही आलं तर भिंतीतलं बटण बंद करा आणि पुढचा तपास दुसऱ्याकडे द्या.

प्रोसेसर काढून बघायची वेळ आली तरी थांबा. आजच्या बहुतेक नव्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. सुईने सरळ करायला गेलात तर वॉरंटीचा दावा तिथेच संपतो. सॉकेटचा स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि दुकानात दाखवा. बायोस अपडेट मध्येच अडकलं, रॅमच्या दोन्ही पट्ट्या प्रत्येक खाचेत नापास झाल्या, किंवा ‘डब्ल्यूएचईए’च्या नोंदी साध्या सेटिंगवरही येत राहिल्या, तर घरी करण्यासारखं काही उरलं नाही. बोर्ड किंवा प्रोसेसर बदलून बघायला दुसरा जोड लागतो, आणि तो दुकानाकडे असतो.

जाताना वही, पडद्यांचे फोटो, मेमटेस्टच्या निकालाचा फोटो आणि सगळी बिलं घेऊन जा. ‘बंद पडतंय’ एवढंच सांगितलं तर दुकानात तासभर चालवून ‘इथे तर चालतंय’ म्हणून परत देतात. ‘साध्या वेगावर, दुसऱ्या खाचेत, दुसऱ्या फेरीत चूक आली’ असं सांगितलं की बोलणं बदलतं. मुदतीत असूनही टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पीसी नेताना मोठं ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या डब्यात घाला आणि टॉवर असा आडवा ठेवा की मदरबोर्ड खालच्या बाजूला आणि कूलर वर येईल. उभ्या टॉवरमध्ये किलोभराचं कार्ड लोंबकळत असतं. रिक्षा दोन खड्ड्यांतून गेली तरी ते खाच उचकटतं, आणि मग जो बिघाड दाखवायला निघालात त्यात आणखी एकाची भर पडते.